दाढ ठणकतेय? गोळी, रूट कॅनॉल की दाढ काढणं?

"डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एखादं जोरदार अँटिबायोटिक लिहून द्या, म्हणजे डेंटिस्टकडे जायला नको." प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही अशी चिठ्ठी लिहून देत असे. आता देत नाही. का, ते सांगतो.

दाढेच्या आत बारीक पोकळी असते आणि तिच्यात नस असते. कीड तिथवर पोहोचली की नस सुजते, पण भोवती कठीण भिंत असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून ठणका लागतो आणि आडवं झालं की वाढतो. या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनने काही तास आराम पडतो, एवढंच. (किडनीचा आजार, अल्सर, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका.)

कधी कधी दुखणं आपोआप थांबतं. तेव्हा फसू नका! दाढ बरी झालेली नसते. बहुधा आतली नस मेलेली असते आणि पुढे मुळाशी पू होऊ शकतो.

मग खरे उपाय कोणते?

फक्त गार लागल्यावर क्षणभर कळ येत असेल, तर बऱ्याचदा सिमेंट भरून भागतं. ठणका सुरू झाला की सहसा दोनच पर्याय उरतात. रूट कॅनॉलमध्ये खराब नस काढून पोकळी साफ करून भरतात आणि दाढेवर कॅप बसवतात. दुसरा पर्याय म्हणजे दाढ काढणं. ते आज स्वस्त पडतं. पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरची दाढ लांबते आणि पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट करायचं ठरलं, तर खर्च रूट कॅनॉलहून जास्त होऊ शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: वाचण्यासारखी दाढ वाचवा. मात्र मुळापर्यंत चिरलेली, हाडाचा आधार सुटून हलणारी किंवा वारंवार त्रास देणारी वाकडी अक्कलदाढ काढणंच बरं. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही, ही भीती मनातून काढून टाका. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. तेही जमत नसेल तर दाढ काढून घ्या, पण महिनोन्‌महिने गोळ्यांवर ढकलू नका. दाढेपायी किडनी खराब करून घेण्यात शहाणपण नाही.

आणि हे विसरू नका: गाल किंवा जबड्याखाली सूज पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. इथे अँटिबायोटिक लागतंच, पण पूही काढावा लागतो. मधुमेह असेल तर जास्तच जपा. चालताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो? मग दाताआधी हृदय तपासून घ्या.

चिठ्ठी मी आजही देतो. फक्त तिच्यावर आता 'डेंटिस्टला दाखवा' असं लिहिलेलं असतं.