ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा कधी?

जळगाव आणि भुसावळच्या मधोमध वसलेल्या नशिराबादची लोकवस्ती 1901 च्या जनगणनेतच बारा हजारांवर होती. काचेच्या बांगड्यांसाठी त्याचे नाव तेव्हाच्या गॅझेटियरात नोंदलेले आहे. म्हणायला गाव, पण आकार शहराचा. आता ग्रामपंचायत जाऊन तिथे नगरपरिषद आली. सरपंचांच्या खुर्चीवर नगराध्यक्ष बसले, ग्रामविकास अधिकाऱ्याचे काम मुख्याधिकाऱ्याकडे गेले. या बदलाचे स्वागतच करायला हवे. मात्र या धामधुमीत एक मोलाची गोष्ट हातची निसटली, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीच्या कायद्यात मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. आमच्या गल्लीतली गटार दर पावसाळ्यात का तुंबते, असे एखाद्या बाईने उभे राहून विचारले तर ते इतिवृत्तात येत असे. नगरपरिषदेच्या सभेत बोलण्याचा हक्क नगरसेवकांचा. शहरांसाठी झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. नशिराबादसारखी छोटी शहरे त्यातून सुटली. महाराष्ट्राने 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद करून ही फट बुजवू पाहिली. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

नेमक्या याच काळात नशिराबादच्या पुढच्या वीसेक वर्षांच्या पर्यावरणाचे निर्णय व्हायचे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे शहराला विकास आराखडा लागतो. प्रारूप जाहीर होते, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि रंगीत नकाशा भिंतीवर लागतो. पिवळा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, नाल्यावरून रस्त्याची रेघ का गेली, हे समजावून सांगणारे कोणी नसते. ज्याची जमीन आरक्षणात गेली तो धावत येतो. ज्याच्या घरात पाणी शिरणार आहे त्याला ते पाणी शिरल्यावर कळते.

आधी लोकांना विचारा आणि मग रेघ ओढा, ही रीत खानदेशाला कोणी बाहेरून शिकवायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना लाभधारकांनी द्यायचा. पावसाळ्याआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. या रचनेची खरी परीक्षा तुटीच्या वर्षी होई. पाणी कमी आले की सगळे बसून ठरवत, यंदा किती फड भिजवायचे. जमीन वाटून असल्यामुळे तूटही वाटली जाई. एकाचे पीक जगले आणि शेजाऱ्याचे करपले, असे सहसा घडत नसे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि अनेक फड मोडले. पण ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तूट वाटून घेतली, त्यांच्या नातवंडांना नळाचे वेळापत्रक ठरवताना विचारायचेही नाही, हे कुठले नियोजन?

छोट्या नगरपरिषदेकडे पैसा नसतो, माणसे नसतात, हे रडगाणे नेहमीचे. वेंगुर्ल्याने ते खोटे ठरवले. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घराघरांतूनच कचरा वेगळा होऊन येऊ लागला, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस निघू लागला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेले. जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा बाहेरगावचे लोक बघायला येऊ लागले. यंत्रे कुठूनही विकत आणता येतात. तिथल्या घरांनी डबे वेगळे ठेवले म्हणून ती यंत्रे चालली.

नशिराबादची गाठ मात्र कचऱ्याआधी उन्हाशी आहे. मे महिन्यात या पट्ट्यात पारा 45 च्या घरात जातो. राष्ट्रीय महामार्गाच्या चिखली ते तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण झाले आणि कडेच्या जुन्या झाडांची सावली गेली. शिवारात सिमेंटचा कारखाना आहे, थोड्या अंतरावर दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र; म्हणजे हवेचाही प्रश्न आहेच. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात उष्म्याने शेकडो माणसे दगावली. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्माघात टाळण्याचा आराखडा केला. इशारा आधी वस्तीत पोहोचवायचा, पाणपोया कुठे हव्यात ते ठरवायचे, आरोग्यसेविकांना तयार ठेवायचे, असे त्यातले काम. त्याला मोठा निधी लागत नाही. कुठल्या गल्लीत म्हातारी माणसे पत्र्याखाली एकटी राहतात, ही माहिती लागते. ती मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर नसते, गल्लीत असते.

शहर झाल्याचे काही लाभही आहेत, ते पदरात पाडून घ्यावेत. झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा नागरी क्षेत्रासाठी आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आणि वृक्षगणना आली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षणही मिळाले. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने समिती नेमून लोकांच्या मदतीने नोंदवही करायची असते. वृक्षगणना शाळांच्या मुलांना सोबत घेऊन व्हावी. कुठली चिंच कुणाच्या आजोबांनी लावली, हे मुलेच घरी विचारून येतील.

नगरपरिषदेने प्रारूप आराखड्याची वाट न पाहता प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा बोलवावी. जलसंधारणाची कामे ठरवताना शिवारफेरी काढतात, तशी नाल्यांची फेरी काढावी. पूर्वी पाणी कुठून वाहत असे ते जुन्या माणसांकडून नकाशावर उतरवून घ्यावे. हवेच्या तपासणीचे आकडे चौकातल्या फळ्यावर लिहावेत. सभेची नोटीस मराठीत आणि उर्दूतही लावावी. सभा सकाळी अकराला ठेवू नये. कापूस वेचायला, निंदणीला गेलेल्या बाया दिवस मावळल्यावर घरी येतात, चूल पेटवतात, पोरांना जेवू घालतात. पाणी कुठे साचते, नळ किती वाजता जातो, कुठल्या वाटेवर सावली उरलेली नाही, हे सगळे त्यांना ठाऊक आहे. त्यांना येता येईल अशी वेळ रात्री आठनंतरची आहे.