बाग नंतर, आधी वाट

सातारकराला ‘फिरायला कुठे जाता?’ असं विचारलं, तर उत्तरात बागेचं नाव क्वचित येतं. अजिंक्यतारा किल्ला, चार भिंती, यवतेश्वरचा घाट, कुरणेश्वर, महादरे हीच नावं येतात. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर निवृत्त शिक्षक भेटतात, पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या गावांतली पोरं भेटतात, डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून नेमाने चालणाऱ्या बायका भेटतात. पेठेतल्या घरातून निघून पायी डोंगरावर पोचता येतं, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलं आहे. शाहू महाराजांनी अठराव्या शतकात किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी हे शहर वाढवलं. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, उत्तरेला वेण्णा नदी, आणि या डोंगरांवरून उतरून पेठांमधून वेण्णेकडे जाणारे ओढे. साताऱ्याचं खरं उद्यान म्हणजे हा सगळा उतार.

तरीही शहर हिरवं करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: कमान, कारंजं, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि उद्घाटनाची कोनशिला. राज्यातल्या कुठल्याही नगरपालिकेत जा, सुशोभीकरणाचा प्रस्ताव याच सामानाचा असतो. बागांना माझा विरोध नाही. लहान मुलांना झोपाळा घराजवळच हवा, गुडघे दुखणाऱ्या आजींना बाक पेठेतच हवा. पण गावाचा पैसा आणि लक्ष मर्यादित असताना आधी काय, हे ठरवावं लागतं. असलेल्या हिरव्या जागांपर्यंत पायी, सुरक्षित आणि सावलीतून जाता येईल अशा वाटा राखणं हे माझ्या मते पहिलं काम आहे. नवी बाग त्यानंतर.

अजिंक्यताऱ्याचंच घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीच्या या किल्ल्यावर थेट दरवाजापर्यंत गाडी जाते. म्हाताऱ्या माणसांना मंगळाईच्या दर्शनाला जाता यावं म्हणून तो रस्ता हवाच. पण चालणारा आणि गाडी एकाच अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर आले की चालणारा कडेच्या गटाराकडे ढकलला जातो. पहाटे पाच ते आठ या वेळेत खासगी वाहनं खाली थांबवली, तर एकही रुपया खर्च न करता शहराला रोज तीन तासांचा फिरण्याचा मार्ग मिळेल. वृद्धांना आणि अपंगांना त्यातून सूट द्यावी. माथेरानने तर पूर्ण वेळ खासगी मोटारींविना गाव चालवून दाखवलं आहे. इथे मागणी फक्त सकाळची आहे.

किल्ल्याच्या उतारावर दर पावसाळ्यात रोपं लावली जातात आणि उन्हाळा लागला की वणवा पेटतो. वाळलेल्या गवताला एक काडी पुरते. जुलैत शाळेच्या मुलांनी लावलेलं रोप मार्चमध्ये जळून जातं, आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप येतं. हे थांबवायचं तर हिवाळा संपायच्या आत जाळरेषा काढल्या पाहिजेत, म्हणजे गवताचे पट्टे आधीच कापून किंवा जाळून आगीची वाट तोडली पाहिजे. रोपाला निदान दोन उन्हाळे पाणी मिळालं पाहिजे. ज्या मंडळाला, ज्या कार्यालयाला या दोन गोष्टींची जबाबदारी घेता येत नसेल, त्यांनी डोंगरावर झाडं लावू नयेत. प्रत्येक उतारावर झाडच हवं असंही नाही. सह्याद्रीच्या कातळावरचं गवत, त्यातली पावसाळी फुलं, त्यावर जगणारी फुलपाखरं आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचं मोल जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठाराच्या शेजारी राहणाऱ्या गावाला तरी सांगावं लागू नये.

कासवरून पाटाची आठवण येते. कासचा तलाव शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. तिथलं पाणी पूर्वी उघड्या पाटाने, डोंगराच्या कडेकडेने साताऱ्याकडे यायचं. पंप नव्हता, वीज नव्हती. पाणी आपल्या वजनाने सरकत यायचं. पुढे बंदिस्त जलवाहिनी आली. पाणी वाया जाऊ नये, घाण होऊ नये, म्हणून ती आवश्यकच होती. मात्र पाटाचा एक गुण आपण विसरलो. पाणी आपोआप वाहायचं तर उतार अगदी अल्प लागतो, म्हणून पाट डोंगराच्या प्रत्येक घळीला वळसा घालत जवळजवळ एकाच पातळीवर चालतो. अशा पाटाच्या कडेने चालणाऱ्याला धाप लागत नाही. किल्ला चढणं ज्यांना झेपत नाही, बायपास झालेली माणसं, गरोदर स्त्रिया, पाच वर्षांची मुलं, यांच्यासाठी डोंगरातली याहून योग्य वाट नव्याने आखता येणार नाही. ती दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी आखून ठेवली आहे. यवतेश्वरच्या बाजूला पाटाची खूण आणि जलवाहिनीची पट्टी जिथे शिल्लक आहे, तिथली मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, झुडपं साफ ठेवावीत, ठरावीक अंतरावर बसायला दगडी कट्टे करावेत. एवढंच पुरे. काँक्रीट नको, रंगीत दिवे नकोत. जलवाहिनीची देखभाल करणाऱ्यांनाही स्वच्छ वाट सोयीचीच होईल.

ओढ्यांचं दुखणं जुनं आहे. भिंती बांधून ओढ्याचं गटार केलं, वर स्लॅब टाकली, की पावसाळ्यातलं पाणी घरांत शिरतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना मोकळी पट्टी सोडली, करंज-उंबर लावले आणि एका काठाने मातीची पायवाट ठेवली, तर तोच ओढा डोंगराला नदीशी जोडणारा सावलीचा रस्ता होतो. मुलं त्या वाटेने शाळेत जातील. मात्र आधी सांडपाणी बाहेर काढायला हवं, नाहीतर नाक दाबून कुणी फिरायला येणार नाही.

वाटेने बाग कशी जगते ते पाहायचं तर कराडला जावं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे. संध्याकाळी तिथे माणसं भरून असतात. जुन्या गावातले रस्ते पिढ्यानपिढ्या घाटावर उतरत आले, पाय आपोआप तिकडे वळतात. नदी, घाट, मंदिर, बाग एका चालीत येतात. उलट कितीतरी गावांत बायपासच्या पलीकडे, जिथे फक्त मोटारसायकलने जाता येतं, अशा जागी उद्यानं झाली आणि तिथे गवत गुडघाभर वाढलं. संध्याकाळी सातनंतर एकटी मुलगी निर्धास्तपणे जाऊ शकते का, आणि तिथे चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह आहे का, एवढं पाहिलं की बागेची जागा बरोबर निवडली की नाही ते लगेच कळतं.

आता कायद्याचं. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं ही नागरी संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. पण महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात बागा येतात त्या ऐच्छिक कर्तव्यांत. पैसे आणि इच्छा असेल तर करा, असा त्याचा अर्थ व्यवहारात लावला जातो. केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचना माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरतात. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे एक लाख वीस हजार होती. माणशी दहा चौरस मीटर धरले तरी १२० हेक्टर, म्हणजे जवळपास तीनशे एकर होतात. त्यानंतर २०२०मध्ये हद्दवाढ झाली. एवढी जमीन विकत घेणं कुठल्याच नगरपालिकेला शक्य नाही. डोंगर, पाट आणि ओढ्यांचे काठ हिशेबात धरल्याशिवाय हे गणित सुटत नाही.

विकास आराखड्यातल्या आरक्षणांवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, याच्या कलम १२७नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत की आरक्षण रद्द होतं. मालकाची बाजूही न्याय्य आहे. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवता येणार नाही. पण ती मुदत टळते तेव्हा गावातल्या कुणालाच त्याची खबर नसते. दरवर्षी अशा मुदत संपत आलेल्या जागांची यादी सर्वसाधारण सभेपुढे आणि वर्तमानपत्रात यायला हवी.

लेआउटमधल्या ओपन स्पेसचं मात्र तसं नाही. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना दहा टक्के जागा रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी मोकळी सोडावीच लागते. २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत हे आहे, त्याआधीच्या नियमांतही होतं. ही जागा विकत घ्यावी लागत नाही, तिचे पैसे प्लॉटच्या किमतीतून तुम्ही भरलेले आहेत. तिथे आज काय दिसतं ते प्रत्येकाने आपल्या कॉलनीत पाहावं: कुठे पत्र्याची शेड, कुठे कुणाचं पार्किंग, कुठे राडारोडा, कुठे ती जागाच सापडत नाही. अशा जागेसाठी रहिवाशांना भांडायचा हक्क आहे का, हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय चांगलं काम असलं तरी उद्यानाची जागा उद्यानासाठीच, आणि परिसरातल्या नागरिकांना दाद मागण्याचा अधिकार आहे, असं न्यायालय म्हणालं.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा नगरपालिकेकडे माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नकाशा हातात आला की शेजाऱ्यांना घेऊन ती दहा टक्के जागा शोधा, आणि ती जागेवर नसेल तर तसं नगरपालिकेला लेखी कळवून पोच घ्या.