बॉडीकिट, स्प्रिंगा आणि औचित्यविचार

अलंकारशास्त्र आता परीक्षेपुरते उरले आहे, अशी तक्रार मराठीच्या अध्यापकांमध्ये वरचेवर ऐकू येते. लक्षणे पाठ, उदाहरणे पाठ, आणि गुण पदरात पडले की सारे विसर्जित. ही तक्रार आम्हांस पूर्णतः मान्य नाही. अलंकाराचा विचार जिव्हाळ्याने करणारी तरुण मंडळी आजही पुष्कळ आहेत. फक्त ती वर्गात नसून महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभी असतात. पहिली 'स्पोर्टी' मोटार हाती आलेला मुलगा (मोटार बहुधा जुनी, आणि हप्ते बहुधा वडिलांचे) पुढच्या बंपरखाली 'लिप' लावावा की नको, बाजूचे स्कर्ट मागच्या बंपरशी जुळतात की नाही, गाडी किती मिलिमीटर खाली बसवावी, यांवर तासन्‌तास वाद घालतो. 'शोभतं', 'जास्त होतंय', 'उगाच चिकटवल्यासारखं दिसतंय' हे त्याचे शेरे. आमच्या मते ही उपयोजित समीक्षाच आहे, आणि तिची टिंगल करण्याचा साहित्याच्या माणसांना फारसा अधिकार नाही. मात्र तिला गंभीरपणे घ्यायचे तर तिच्याशी वादही घातला पाहिजे.

वाद हवेत होऊ नये म्हणून एक गाडी समोर ठेवू. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय भारतात २०१३ साली आली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी पोलो २०२२ साली बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या बाजारातली जीटी ही महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांची पहिली वेगवान गाडी ठरते आहे. दिसायला ती साध्या पोलोहून फारशी निराळी नाही, आणि हेच तिच्या मालकाचे दुःख. अंगात जे आहे ते अंगावर दिसत नाही. मग तो दोन गोष्टींकडे वळतो : बॉडीकिट आणि लोअरिंग स्प्रिंगा.

दुकानदार या दोन्ही एकाच यादीत मांडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. किट गाडीचे रूप बदलते. स्प्रिंगा गाडीचे वागणे बदलतात. आठव्या शतकातल्या वामनाने गुण आणि अलंकार यांत भेद केला, तो इथे चपखल लागू पडतो. काव्याची शोभा निर्माण करतात ते गुण, आणि असलेल्या शोभेत भर घालतात ते अलंकार. गुणच नसतील तर अलंकाराने भर घालायची कशात? पोलोच्या मालकाने किट आधी घ्यावे की स्प्रिंगा, या प्रश्नाचे उत्तर वामनाकडे तयार आहे. दुर्दैवाने किट दुरून दिसते आणि स्प्रिंग दिसत नाही. त्यामुळे पैसे आधी कुठे जातात हे सांगायला नको.

किटची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. शर्यतीत उतरवायच्या गाडीचे ठरावीक संख्येने रस्त्यावरचे नमुनेही विकले पाहिजेत, असा युरोपातल्या शर्यतींचा नियम होता. त्यामुळे शर्यतीसाठी लागणारे पंख आणि पदर रस्त्यावरच्या गाड्यांवर आले. १९७२ च्या पोर्शे ९११ करेरा आरएस २.७ हिची बदकाच्या शेपटीसारखी उचललेली मागची कड सजावट नव्हती. वेगात गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ नये म्हणून ती होती. १९७३ च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचा मागचा पंख तर इतका मोठा होता की जर्मनीच्या रस्त्यांवर तो लावणे बेकायदा ठरत होते. कंपनीने तो सुटा करून डिकीत ठेवून दिला. लावायचा की नाही ते घेणाऱ्याने पाहावे. पुढे १९८६ च्या पहिल्या एम३ गाडीची चाकांवरची फुगवलेली कमानही रुंद चाके सामावून घेण्यासाठी होती. या सगळ्यांत आकार हा कामाचा परिणाम होता. आज दुकानात मिळणारे किट बहुधा त्या परिणामाची नक्कल असते. काम मागे राहिले आहे. काव्यातही हे नेहमी होते. एका कवीला अपरिहार्य असलेली प्रतिमा पुढच्या पिढीत मखराच्या थर्मोकोलासारखी वापरली जाते.

म्हणून किट त्याज्यच, असे आम्ही म्हणत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगरमाळ असते, आणि त्यात कोणाला काही खोटे वाटत नाही. तो दिवसच सजवण्याचा. पण शंकरपटात उतरणाऱ्या बैलावर कोणी झूल घालत नाही. तिथे छकडासुद्धा शक्य तितका हलका बांधतात. घरात बैल एकच असला तरी प्रसंग दोन आहेत, हे शेतकऱ्याला कळते. पोलोच्या मालकाला मात्र एकाच बैलावर झूल घालून तो पटात पळवायचा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधणाऱ्यांची जी थट्टा केली आहे, तिचा रोख हाच. दागिन्यात खोट नव्हती, जागा चुकली होती. ताशी ४० किलोमीटरने सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत सरकणाऱ्या गाडीला पुढचा 'स्प्लिटर' काय देणार? हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ला मिळणारा परिणाम १२० च्या एकनवमांश असतो, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला ताशी १०० च्या पुढे जाण्यास परवानगी नाही.

इथे कोणी म्हणेल, सौंदर्याला उपयोगाची फूटपट्टी कशाला? रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे मराठी वाचकाला कांट परका राहिलेला नाही. वस्तू काय असायला हवी याच्या कल्पनेवर अवलंबून असलेले सौंदर्य आणि तसे नसलेले सौंदर्य, हा त्याचा भेद. फूल दुसऱ्या वर्गात, घोडा आणि इमारत पहिल्या वर्गात. एखाद्या वास्तूवर कितीतरी मनोहर नक्षी चढवता आली असती, जर ती वास्तू चर्च व्हायची नसती, असे तो सुचवतो. मोटार निःसंशय घोड्याच्या रांगेत बसते. तिच्याकडे निव्वळ फुलासारखे पाहता येत नाही, कारण तिच्यात माणसे बसतात.

आता स्प्रिंगांकडे वळू. किटच्या तुलनेत हा विषय आम्हांस कितीतरी अधिक रसाळ वाटतो.

गाडी खाली बसवली की तिचा गुरुत्वमध्य उतरतो. तो जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर असतो असे धरले आणि गाडी ३० मिलिमीटर उतरवली, तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार पाचसहा टक्क्यांनी घटतो. लाभ खरा आहे, पण माफक. उलट पोलोच्या पुढच्या चाकांना जी मॅकफर्सन धाटणीची रचना आहे, तिच्यात गाडी उतरली की ती ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्याहूनही भरभर खाली जातो. दोहोंतले अंतर वाढते, आणि गाडी वळणावर अधिक कलू पाहते. म्हणून चांगली लोअरिंग स्प्रिंग नुसती आखूड नसते, कडकही असते. आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या जर्मन कंपन्या पंचवीसतीस मिलिमीटरच्या आसपास थांबणाऱ्या स्प्रिंगा विकतात, त्यामागे हा हिशेब आहे. साठ मिलिमीटर उतरवलेली गाडी वाहनतळावर देखणी दिसते, पण वरंध घाटात चाक रबरी ठोकळ्यावर आदळत राहते आणि तेवढ्यापुरती गाडीला स्प्रिंगच उरत नाही.

स्प्रिंगेचा जोडीदार म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप'. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप तो जिरवतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप जुनाच, लाखभर किलोमीटर पळालेला ठेवला, तर साठवणूक वाढते आणि जिरवणूक तेवढीच राहते; खड्ड्यानंतर गाडी एकदा बसायची ती तीनदा डुलते. दोन्ही एकत्र बदलण्याइतके पैसे नसतील तर मुळीच बदलू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत उत्तम टायर घ्यावेत. रस्त्याशी गाडीचा संबंध तळहाताएवढ्या चार ठिगळांपुरताच असतो.

लयीचा मुद्दा याहून सूक्ष्म. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की पुढच्या स्प्रिंगांचे आंदोलन थोडे संथ आणि मागच्यांचे थोडे जलद ठेवले, तर उंचवटा ओलांडल्यावर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक खाली-वर न करता सपाट राहते. पुढचे चाक आधी उचलले जाते, मागचे नंतर. मागच्याने जरा घाई केली तर दोघांचा ठेका जुळतो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम मांडले, ते शिकवताना फळ्यावर एखादी मोटार काढायला हरकत नाही. केवळ नाक खाली दिसावे म्हणून पुढच्याच स्प्रिंगा बदलणारा मालक हा ठेका मोडतो, आणि आपण काय मोडले याचा त्याला पत्ताही नसतो.

आणि कापलेली स्प्रिंग? पैसे वाचवण्यासाठी मूळ स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून देणारे मिस्त्री गावोगावी आहेत. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी कडक होते. तेवढ्यावरून मालकाला वाटते, काम साधले. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि गाडी उंचवट्यावरून उसळून चाक खाली लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग याहून वाईट, कारण पोलादाचे पाणीच उतरते. इथे अभिरुचीची चर्चा संपते. मागच्या सीटवर बसलेल्या आईला हे सारे ठाऊक नसते.

किट आणि स्प्रिंगा एकत्र आल्या की बेरीज-वजाबाकीही करावी लागते. पोलोची जमिनीपासूनची उंची सुमारे १६५ मिलिमीटर. तीस वजा केले, उरले १३५; त्यातून चार माणसे आणि सामान बसल्यावरचा दाब वजा करा, आणि वर पुढचा लिप आणखी खाली आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर चढाचा असावा. तसा असेल तर गाडी सुटेल. पण आपल्या गल्लीतला गतिरोधक मानक वाचून घातलेला नसतो. तिथे फायबरचा लिप पहिल्या महिन्यात तडकतो, एबीएस प्लास्टिकचा थोडा वाकून तग धरतो, आणि पॉलियुरेथेनचा सर्वांत जास्त सोसतो.

कायद्याविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असा निर्वाळा दिला की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हेतू योग्य आहे. कापलेल्या स्प्रिंगा आम्ही वर पाहिल्याच. पण या व्यवस्थेत तपासणारा कोणी नाही, ही आमची खरी तक्रार. ज्या जर्मनीत सीएसएलचा पंख डिकीत गेला, तिथेच आज प्रमाणित स्प्रिंग तिच्या चाचणीच्या कागदासह विकली जाते, बसवल्यावर मान्यताप्राप्त परीक्षक गाडी पाहतो, आणि बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदला जातो. तो परीक्षक काही बदल नाकारतो, काही स्वीकारतो, आणि कारण देतो. समीक्षकाचे काम याहून निराळे काय असते? आपल्याकडे मात्र सरसकट निषेध किंवा सरसकट चोरी, एवढेच दोन पर्याय तरुणापुढे आहेत. आणि निषेधाच्या सावलीत चाचणी झालेली स्प्रिंग व कापलेली स्प्रिंग एकाच पंगतीला बसतात.

तोवर जो विचारील त्याला आम्ही इतकेच सांगू : गाडी जशी आली तशी वर्षभर चालवा, एक पावसाळा जाऊ द्या. तिच्यात काय उणे आहे ते तिलाच सांगू द्या. स्प्रिंगांचा विचार करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करा; उत्तर नकाराचे आले तर हौस बंदिस्त शर्यतमार्गापुरती ठेवा. किट घ्यायचेच झाले तर उत्पादकाने त्याच गाडीसाठी काढलेले घ्या, त्याच्या फटी तरी जुळतात. आणि बदललेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका. तेल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचे वडील पहिल्यांदा त्याच मागतील.