लिनक्सचा पासवर्ड पाच मिनिटांत बदलता येतो, मग तो असतो कशासाठी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. लॅपटॉप चांगला चालतोय, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही, अशी अवस्था असलेल्यांसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा सोपा पर्याय आहे. पण नव्याने लिनक्सवर आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. अ‍ॅडमिनचा पासवर्ड विसरलो तर काय? आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच झालं नाही तर काय? दोन्हींची उत्तरं बूटलोडरपाशी सापडतात.

आधी क्रम समजून घेऊया

पॉवर बटण दाबलं की पहिल्यांदा मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतं, शिम ग्रब हा बूटलोडर उघडतो, ग्रब कर्नल सुरू करतो आणि सगळ्यात शेवटी लॉगिनची स्क्रीन येते. म्हणजे पासवर्ड विचारणारा रखवालदार एकदम आतल्या दारावर बसलेला आहे. बाहेरच्या दारातच कोणी वाट बदलली, तर त्याची गाठच पडत नाही.

पासवर्ड परत कसा मिळवतात?

खरं तर जुना पासवर्ड मिळत नाहीच, नवा लावता येतो. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणायचा, ई दाबून नोंद उघडायची आणि ज्या ओळीत कर्नलचं नाव आहे तिथे थेट बॅश शेल उघडायला सांगायचं. डिस्कवर लिहायची परवानगीही तिथेच द्यायची. शेल उघडला की पासवर्ड बदलायची एक कमांड, रीस्टार्ट, झालं काम.

इथे दोन बारकावे आहेत. उबुंटूत रूट खातं मुळातच कुलूपबंद असतं, त्यामुळे पासवर्ड बदलायचा तो आपल्या नेहमीच्या खात्याचा. फेडोराची रीत थोडी वेगळी आहे, आणि तिथे पासवर्ड बदलल्यावर सगळ्या फाइल्सना एसईलिनक्सची लेबलं पुन्हा लावायला सांगावं लागतं. नाहीतर नव्या पासवर्डनेही लॉगिन अडू शकतं. शिवाय ग्नोमची कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, जुन्याच पासवर्डने बंद राहते.

हा दोष नाही का?

नाही. ज्याच्या हातात मशीन, त्याच्या हातात डेटा, हा जुना नियम आहे. दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप असो की चोरीला गेलेला, लॉगिनचा पासवर्ड त्यातले फोटो आणि बँकेचे कागद वाचवत नाही. ग्रबलाच पासवर्ड लावता येतो, पण त्यावर किती विसंबायचं? २०१५ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की बॅकस्पेस २८ वेळा दाबून तो ओलांडता येतो. ती चूक तेव्हाच दुरुस्त झाली. तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की ग्रबचा संबंधच उरत नाही.

खरं कुलूप म्हणजे डिस्क एन्क्रिप्शन, लिनक्समध्ये लक्स. इन्स्टॉल करताना एक खूण करायची, बस. पण याची किंमतही आहे. लक्सचा पासफ्रेज विसरलात आणि दुसरी किल्ली ठेवलेली नसेल, तर वर सांगितलेली कुठलीच युक्ती चालत नाही. डेटा गेला म्हणजे गेलाच.

दार घट्ट करताना मालकच बाहेर

आता दुसरा प्रश्न. ग्रबमध्ये वेळोवेळी गंभीर त्रुटी सापडल्या. म्हणून सिक्युअर बूटमध्ये एसबॅट नावाची सोय आली: बूटलोडरची ठरावीक पिढीपेक्षा जुनी आवृत्ती असेल तर ती चालवायचीच नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ही मर्यादा वर सरकवली. ड्युअल बूट मशीन वगळली जातील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण सगळी ओळखता आली नाहीत. परिणाम असा की अनेकांच्या पडद्यावर 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाचा संदेश आला आणि लिनक्स सुरूच होईना.

अशा वेळी तोच जुना ग्रब पुन्हा टाकून उपयोग नव्हता, कारण फाइल्स शाबूत होत्या, फक्त नियम बदलला होता. उपाय होता सिक्युअर बूट तात्पुरता बंद करणं, लिनक्समधून एसबॅटचं नवं धोरण काढून टाकणं आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणं. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला.

नेहमीचा बिघाड मात्र साधा असतो. बऱ्याचदा विंडोजने फक्त बूटचा क्रम बदललेला असतो, म्हणून आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये तो बघावा. तिथे लिनक्स दिसतच नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून, जुनं विभाजन जोडून, आतूनच ग्रब पुन्हा बसवता येतो.

पुढे काय?

लिनक्सच्या शिमवर सही असते ती मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्राची, आणि त्याची मुदत जून २०२६ ची. त्या दिवशी चालू मशीन बंद पडणार नाहीत, कारण आधी सही झालेले शिम चालत राहतात. पण फक्त २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेला शिम आला, तर जुन्या फर्मवेअरला तो अनोळखी वाटेल. म्हणून फर्मवेअरचे अपडेट टाळू नका.

बाकी तयारी अर्ध्या तासाची आहे. एक लाइव्ह यूएसबी करून ठेवा. लक्स वापरत असाल तर दुसरा पासफ्रेज जोडून तो कागदावर लिहून घरात ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीसुद्धा, कारण सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं. आणि एन्क्रिप्शन घ्यायचं की नाही हे इन्स्टॉल करतानाच ठरवा. घरातल्या डेस्कटॉपवर नसलं तरी चालेल, बॅगेतून रोज फिरणाऱ्या लॅपटॉपवर मात्र हवंच.