बाप-लेकाच्या भांडणात बाई कुठे असते?

रमेश सिप्पींचा ‘शक्ती’ (१९८२) आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी पाहिला असेल. पोलीस अधिकारी असलेल्या बापाला फोन येतो: मुलगा हवा असेल तर आमचा माणूस सोड. बाप कर्तव्य सोडत नाही, मुलाला मारलंत तरी चालेल म्हणतो. ते शब्द मुलाच्या कानावर पडतात आणि आयुष्यभर तिथेच राहतात. पुढे मुलगा गुन्हेगारांत जातो आणि शेवटी बापाच्याच गोळीने मरतो. दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन यांच्या अभिनयाची तुलना करण्यात लोकांनी कित्येक वर्षं घालवली. खरं तर त्या घरात तिसरं माणूस होतं, राखीने केलेली आई, शीतल. नवऱ्याचं कर्तव्यही तिला कळतं नि मुलाची जखमही. दोघांच्या मध्ये ती उभी राहते आणि गोळीला बळी पडते. तिच्या मरणाचा उपयोग काय, तर बाप आणि लेक काही क्षण जवळ येतात. ही सगळी गोष्ट आजोबा नातवाला सांगतात, आणि नातूही पोलिसांतच जायचं ठरवतो. मुलाच्या मागे राहिलेली, त्याचं मूल वाढवलेली रोमा (स्मिता पाटील!) हीच गोष्ट कशी सांगेल, हे आपल्याला कधी ऐकू येत नाही.

कादंबरीतही चित्र फार वेगळं नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर वडिलांवर चिडतो, त्यांच्या व्यवहारीपणाचा त्याला तिटकारा आहे, आणि पुण्यातलं त्याचं शिक्षण चालतं ते त्याच वडिलांच्या पैशांवर. ही चीड प्रामाणिक आहे. पण ती परवडते त्याला, मुलगा म्हणून. धाकटी बहीण मनू देवीच्या साथीत जाते तो भाग वाचताना माझा आजही घसा दाटतो. तिला बापावर रागवायचीसुद्धा सवड मिळाली नाही. नेमाड्यांनी निदान तिला विसरू दिलं नाही, हे मान्य करायला हवं.

बाप-लेकांमधलं हे ओझं कुठून येतं? साहित्याचे समीक्षक स्वभाव, पिढी, मूल्यं असे शब्द वापरतात. मला वाटतं, थोडं सातबाऱ्याकडेही पाहावं. मिताक्षरा कायद्यात मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा होता, आणि बापाचं कर्ज फेडणं हे त्याचं धार्मिक कर्तव्य होतं. म्हणजे मुलगा एकाच वेळी वाटेकरी आणि ऋणको. बापाने त्याला धाकात ठेवायचं, त्याने बापाच्या म्हातारपणाची वाट बघायची. अशा घरात माया नासली तर नवल कसलं? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातली पितृऋणाची ही सक्ती पुढच्या कर्जांपुरती काढून टाकली आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने सहदायाद केलं. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरतं हे पाऊल उचललं होतं. पण गावात काय होतं ते तुम्हीही पाहता. बाप आणि भाऊ एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, बहिणीचं हक्कसोडपत्र करायचं म्हटलं की तलाठ्याकडे एकाच मोटारसायकलवरून जातात.

संस्थेत बाप-लेकाच्या वादाचं प्रकरण आलं की आमच्यातल्याच काही जणी म्हणतात, हे पुरुषांचं पुरुषांत आहे, आपला काय संबंध? मला हे पटत नाही. अशा घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण बोलणं थांबलेलं नसतं. “त्याला म्हणावं, लाइटचं बिल भर.” “बाबांना सांग, मागच्या महिन्यात मीच भरलं.” चार हातांवर बसलेल्या दोन माणसांचे हे निरोप आई वाहते. वाहताना धार काढते, शिवी गाळते, थोडी माया आपल्या पदरची घालते. दोन्हीकडची बोलणी मात्र तिलाच बसतात. आणि म्हातारा अंथरुणाला खिळला की ‘मुलगा बापाला सांभाळतो’ असं गावभर म्हटलं जातं. भांडं कोण देतं, चादर कोण बदलतं, रात्री दोनदा कोण उठतं, ते विचारा. कर्तव्य मुलाचं, हात सुनेचे. मुलाच्या मनातला राग तिला उसना घ्यावा लागतो आणि सासऱ्याचा तिरसटपणा रोखीने. मुलीकडे बाप राहिला तर ती मात्र लाज समजली जाते, जरी विवाहित मुलीवरही आईबापांच्या पोटगीची जबाबदारी आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. खरोखर छळलेल्या म्हाताऱ्यांना या कायद्याची गरज आहे, त्याला माझा विरोध नाही. पण कधी कधी बाप मुलाविरुद्ध अर्ज करतो, मुलगा फारशी हरकत घेत नाही, घर रिकामं करण्याचा हुकूम होतो आणि रस्त्यावर येते सून, लेकरांसकट. मुलगा महिन्याभरात परत बापाच्या घरी! कागदावर बाप-लेकाचं भांडण, प्रत्यक्षात सुनेला काढण्याचा सोपा रस्ता. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने (२००५) स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा दिलेला हक्क अशा हुकुमाने सरसकट रद्द करता येत नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. हा निकाल हाताशी ठेवा. प्रांत कचेरीत तो माहीत असेलच असं गृहीत धरू नका.

बापाचं दुःख खोटं, मुलाचं दुःख खोटं, असं मी म्हणत नाही. माझ्यासमोर पन्नाशीचे पुरुष वडिलांचं नाव निघताच रडलेले आहेत. लहानपणी बापाने एकदा डोक्यावरून हात फिरवला नाही, ही सल घेऊन ते जगतात, आणि स्वतःच्या मुलाशी तसंच वागतात. मर्दपणाच्या या शिस्तीत मुलगेही चिरडतात. त्याबद्दल आपण बोलायलाच हवं. फक्त ते रडत असताना पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी कोण उभी आहे, तिलाही आत बोलावून बसवायला हवं.

आमच्या केस-पेपरवर ‘कौटुंबिक संबंध’ असा रकाना आहे. त्यात पूर्वी एका ओळीत ‘वडील-मुलगा: ताणलेले’ एवढंच लिहिलं जायचं. हल्ली मी त्याखाली दोन प्रश्नांची उत्तरं लिहिते: निरोप कोण पोचवतं, आणि घर कुणाच्या नावावर आहे.