इच्छाशक्ती पुरेशी नसते



‘दारू सोडायला केंद्र कशाला, निर्धार हवा’ हा लेख वाचला. त्यातील तीन विधाने दुरुस्त करणे भाग आहे.

पहिले, निर्धाराचे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर झटके येतात, भ्रम होतो, वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जातो. शरीराला जडलेला हा आजार आहे. त्याला शपथेआधी डॉक्टर लागतो.

दुसरे, ‘केंद्रांचे पेव फुटले आहे’. केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. हे पेव नव्हे, दुष्काळ आहे. काही ठिकाणी रुग्णांना मारहाण होते, हे खरे. त्यावर कडक तपासणी हा उपाय आहे; केंद्रे मोडीत काढणे नव्हे.

तिसरे, ‘दारूबंदी केली की झाले’. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. तरीही तिथे 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्ती अभियान उभारावे लागले, कारण बंदीला गावाची साथ आणि रुग्णाला उपचार, दोन्ही लागतात.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे रुग्णासोबत कुटुंबालाही सावरले जाते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या सभांना तर शुल्कही नसते. घरात दारू शिरलेल्या बाईला लेखकाचा उपदेश नको, या दारांचे पत्ते हवेत. ते संपादकांनी छापावेत.

— एक वाचक, पुणे