कलमं पाठ, कोठडी कोरी

बारावी झालेल्या मुलीने 'मला क्रिमिनॉलॉजी शिकायचंय' म्हटलं, की घरातून दोन प्रश्न येतात. 'म्हणजे पोलिसात जाणार?' आणि 'मग सरळ लॉ का करत नाहीस?' हे प्रश्न मला अडाणीपणाचे वाटत नाहीत. आपण या विषयाची वाटणीच तशी केली आहे: कलमं वकिलाला, काठी पोलिसाला, बोटांचे ठसे फॉरेन्सिकवाल्याला. आरोपी मात्र कुणाच्या वाट्याला येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेसारखे अपवाद आहेत, पण तिथेही हा विषय पदवीनंतर भेटतो.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसनी आकडे बदलून नोट्स पुन्हा छापल्या आणि शिकवणं होतं तसंच सुरू राहिलं. पण नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाचं काय? पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला सोडायला हवं, असं ते सांगतं. कलम पाठ करायला दोन मिनिटं लागतात. तुरुंगातले दिवस कोण मोजतं, अर्ज कुठे अडतो, सुटकेचा हुकूम निघूनही जामीनदाराअभावी माणूस आतच का राहतो, हे कोण शिकवणार? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांतली चारांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

'याने नोकरी लागेल का?' हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण नोकरीपुरतंच शिकवलं की काय होतं, तेही पाहू. १९६८ च्या कायद्यानंतर अमेरिकेने पोलिसांच्या कॉलेजशिक्षणाला सरकारी पैसा दिला. 'क्रिमिनल जस्टिस'चे विभाग भराभर वाढले आणि त्यांतले बरेचसे पोलीसभरतीची पायरी बनले. पोलीस आणि तुरुंगांवर टीका करणारे अध्यापक जिथे होते, तो बर्कलीचा क्रिमिनॉलॉजी विभाग मात्र १९७६ मध्ये बंद झाला. आपल्याला ती नक्कल नको.

आणि न शिकवण्याची किंमत? २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. टाळ्या वाजवणाऱ्यांत पदवीधर कमी नव्हते. न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष दिला, की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून झाडल्या होत्या. तोवर फुलं सुकून गेली होती. आपल्या टाळ्यांचा हिशेब कुणी मागितला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्या धोरणाने कॉलेजांत मेजर-मायनर आणलेच आहेत, तर बी.ए.ला हा विषय द्या. पहिल्या वर्षी मुलांना दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर बसवा. दुसऱ्या वर्षी एक आरोपपत्र अथपासून इतिपर्यंत वाचायला लावा. तिसऱ्या वर्षी एका कच्च्या कैद्याचे दिवस मोजू द्या. त्यांतली निम्मी मुलं पुढे बँकेत किंवा शाळेत नोकरी करतील, तरी चालेल. पुढच्या वेळी फुलं उधळण्याआधी त्यांचा हात थबकला, तर पदवी कामी आली.